शेवटच्या सव्वा किलोमीटरसाठी गाडी

पत्र थोडक्यात असं: गगनबावडा परिसरातल्या एका प्राथमिक शिक्षिका, वय ३६. नवरा पुण्यात नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी येतो. घरात सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. शाळा अकरा किलोमीटरवर. त्यातला पावणेदहा किलोमीटर रस्ता डांबरी, शेवटचा सव्वा किलोमीटर लाल मातीचा आणि चढाचा. इतके दिवस त्या स्कूटरने जात होत्या. यंदा जुलैत त्याच चढावर घसरल्या, मनगटाला प्लास्टर लागलं. सासूबाईंना काचबिंदूच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, त्यामुळे दिवाळीपर्यंत गाडी घ्यायचं ठरलंय. सगळं धरून बजेट नऊ लाख. नवऱ्याचं म्हणणं, आपल्याकडच्या रस्त्यांना फोर बाय फोरच हवी, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळणारी. थार किंवा जिमनी, नवी परवडत नसेल तर जुनी. दिरांचं मत बोलेरो. बाईंना स्वतःला छोटी गाडी हवी आहे, पण ती चिखलात अडकली तर ‘तरी सांगत होतो’ हे आयुष्यभर ऐकावं लागेल अशी भीती वाटते. त्या लिहितात, “हप्ते माझ्या पगारातून जाणार, चालवणार मी, आणि मत मात्र घरातल्या प्रत्येकाला आहे. मी काय घेऊ?”

ताई,

मनगट आता कसं आहे? प्लास्टर निघालं तरी पावसाळी हवेत ठणकतं म्हणून विचारते. आणि आधीच सांगून ठेवते, गाडी येईपर्यंत स्कूटर फाट्यावरच लावा आणि सव्वा किलोमीटर गमबूट घालून चालत जा. दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला तर मुख्याध्यापक समजून घेतील.

तुम्ही लिहिलंय, “आमच्याकडचे रस्ते खराब आहेत.” घरातले सगळेही तेच म्हणतात आणि तिथूनच फोर बाय फोरचा विषय निघतो. पण तुमच्या पत्रात रस्ते तीन आहेत. एक शाळेकडचा डांबरी, खड्ड्यांचा. दुसरा गगनबावडा ते कोल्हापूर, साधारण ५५ किलोमीटर. तिसरा तो लाल मातीचा चढ. तिघांचं दुखणं वेगळं, त्यामुळे औषधही वेगळं. घरातली चर्चा तिसऱ्या रस्त्याची चालू आहे, आणि तुम्ही सर्वांत जास्त चालवणार आहात पहिल्यावर. रोजच्या बावीस किलोमीटरात माती आहे अडीच. तीही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच चिखल असते. नोव्हेंबरात त्याच चढावरून अल्टोसुद्धा धूळ उडवत जाते. पूर्ण पावसाळ्यात चढ खरोखर अवघड झाला असे दिवस किती, हे शाळेच्या हजेरीपटाशेजारी खुणा करून मोजा. माझा अंदाज तीस-चाळीसचा आहे, पण तुमचा आकडा माझ्यापेक्षा खरा.

तुमच्याकडच्या पावसाला मी कमी लेखत नाही. जिल्ह्यात सर्वाधिक पावसाचा तालुका तुमचा. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाणी जांभ्याच्या मातीवर पडतं, तेव्हा वरचा थर साबणासारखा होतो आणि खालचा दगड मात्र कडकच राहतो. त्यामुळे अशा रस्त्यावर दोन वेगवेगळ्या अडचणी येतात. चाक सरकतं, आणि गाडीचं पोट दगडाला लागतं. चाकाच्या पकडीचा प्रश्न टायर आणि ड्राइव्ह (इंजिन कुठली चाकं फिरवतं ते) सोडवतात, पोटाचा प्रश्न ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची. ‘उंच गाडी घे’ म्हणणारी माणसं या दोन्हींची सरमिसळ करतात.

पोटाचं आधी सांगते, कारण ते मी पैसे मोजून शिकले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बुटकी सेडान होती. मेअखेरीचा वळीव पडून गेलेला, गाडीत आम्ही चौघं, डिकीत आंब्याच्या सहा पेट्या. भुईबावडा घाट संपल्यावर आतल्या रस्त्याला लागलो आणि खालून ‘ठक्’ असा आवाज आला. खडा उडाला असेल म्हणून मी पुढे गेले. थोड्या वेळाने ऑइलचा लाल दिवा लागला. तरीही ‘एवढी दोन वळणं काढू, मग वस्ती आहे’ असं म्हणत चालवत राहिले. उतरून टॉर्च मारला तर ओल्या रस्त्यावर मागे दूरपर्यंत ऑइलची रेघ गेलेली, तिच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटलं होतं. चेंबर स्वस्तात झालं असतं. त्या दोन वळणांनी इंजिन घेतलं. जाताना रिकामी असताना हीच गाडी त्याच दगडावरून सहज गेली होती. कंपन्या क्लिअरन्सचा जो आकडा सांगतात तो बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. माणसं बसली, तांदळाचं पोतं टाकलं, की गाडी दोन-तीन बोटं खाली येते.

म्हणून शोरूमला जायच्या आधी एक काम करा. चढ आत्ता भिजलेला आहे, चाकोऱ्या पडलेल्या आहेत, हीच वेळ बरोबर. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमध्ये मातीचा जो उंचवटा राहतो, त्यावर बांबू आडवा ठेवा, म्हणजे त्याचं टोक चाकोरीवर अधांतरी येईल. त्या टोकापासून चाकोरीच्या तळापर्यंत टेपने मोजा. अशा दहा-बारा जागा मोजा आणि वर आलेल्या दगडांची उंचीही लिहून ठेवा. मग हे आकडे शेजारी ठेवा: स्विफ्ट १६३ मिलिमीटर, वॅगनआर १६५, इग्निस १८०, क्विड १८४, टाटा पंच १८७, जिमनी २१०, थार २२६. आपली वीत साधारण सव्वादोनशे मिलिमीटरची, म्हणजे थारच्या पोटाखालून वीत जेमतेम जाते आणि पंचच्या पोटाला अडते. तुमचा उंचवटा दीडशेच्या आसपास निघाला, तर पंचच्या उंचीची गाडी एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून आरामात जाईल. दोनशेच्या वर निघाला तर गोष्ट वेगळी.

आता फोर बाय फोर. नवऱ्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मातीच्या चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि छोट्या गाड्या बहुतेक पुढच्याच चाकांवर चालतात. त्यामुळे त्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत बसतात. (जुने ड्रायव्हर अशा चढावर गाडी रिव्हर्समध्ये चढवायचे. युक्ती खरी आहे, पण एका बाजूला दरी असेल तर करू नका.) जिमनीत आणि फोर बाय फोर थारमध्ये चारही चाकं ओढतात, वर लो गिअर (अगदी हळू पण जास्त जोराने ओढणारा) असतो, उतारावर त्याचा आधार मोठा. पण ती यंत्रणा घसरणाऱ्या जमिनीसाठी आहे. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून ठेवायची नसते, चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर आणि गिअरवर ताण येतो. म्हणजे तुमच्या रोजच्या बावीस किलोमीटरांपैकी एकोणीस-वीस किलोमीटर तुम्ही ती यंत्रणा नुसती वाहून न्याल, तिचं पेट्रोल भराल आणि हप्तेही. आणि ब्रेक मारताना फोर बाय फोरचा काही उपयोग नाही. थांबायला सगळ्यांना चार चाकं आणि चार टायरच. घाटात उतरताना घसरणाऱ्या गाड्यांत मोठ्या गाड्याही असतात, त्या या गैरसमजापायी.

जिमनी मला स्वतःला आवडते. रुंदी फक्त १६४५ मिलिमीटर, समोरून एसटी आली तर कडेला दबकून उभी राहते. पण ती आपल्याकडे आली २०२३ साली, त्यामुळे फार जुनी आणि स्वस्त मिळणं कठीण, आणि नवी घ्यायची तर बारा लाखांच्या पुढे. तुमच्या नऊ लाखांत जुनी थार येईल. कुणाकडे कशी वापरलेली ते देव जाणे. शिवाय त्या तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. सासूबाई पुढे बसल्या की मुलीने दर वेळी भिजत, सीट दुमडायची वाट बघत बाहेर उभं राहायचं. हे चित्र डोळ्यांसमोर आणलंत का?

बोलेरोबद्दल एक सांगायला हवं. तुमच्या दिरांसारखा अनेकांचा समज असतो की बोलेरो म्हणजे फोर बाय फोर. शोरूममध्ये मिळते ती नेहमीची बोलेरो मागच्या चाकांवर चालते. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, ते भारासाठी. सात माणसं किंवा चार पोती असतील तर ती डोंगर चढते; बाईमाणूस एकटी, मागची सीट रिकामी असेल तर ओल्या वळणावर तिचं बूड घसरतं. म्हणूनच काही ड्रायव्हर पावसाळ्यात मागे वाळूचं पोतं टाकतात. दणकट आहे, गावोगाव मेकॅनिक आहेत, जुनी विकताना भावही येतो. पण ती डिझेल आहे, आणि बीएस-सिक्स (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेलच्या धुराच्या नळीत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर चांगली तापवून पळवावी लागते. रोज अकरा किलोमीटर जाऊन उभी राहणाऱ्या गाडीत तो तुंबतो. तुमच्या वापराला पेट्रोल बरं. सीएनजीत डिकीची जागा कमी होते आणि मागे कायमचं वजन बसतं. इलेक्ट्रिक गाडीचा विचार तुमच्याकडची जुलैतली वीज मला माहीत असल्याने मी मनातच सोडून दिला.

माझा कल सांगायचा तर पंच किंवा तिच्या उंचीची कुठलीही साधी पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअरची. पण सगळ्यात वरचं मॉडेल नको. सेल्समन अलॉय व्हील आणि सनरूफ दाखवील, तुम्ही टायरच्या कडेवर लिहिलेले आकडे वाचा. पंचच्या खालच्या मॉडेलला १८५/७० आर १५ टायर येतात, वरच्याला १९५/६० आर १६. मधला आकडा टायरच्या भिंतीची उंची सांगतो, रुंदीच्या किती टक्के ते. हिशेब केला तर पहिल्यात रिम आणि जमिनीमध्ये जवळपास १३० मिलिमीटर रबर आहे, दुसऱ्यात ११७. डांबराच्या तुटलेल्या कडेवर आणि जांभ्याच्या धारेवर हे तेरा मिलिमीटर फार कामाचे असतात. टायरची भिंत कापली गेली तर पंक्चरवाला हात जोडतो, नवा टायरच घ्यावा लागतो. आणि स्टीलची रिम वाकली तर ठोकून सरळ होते.

टायर बदलायला पैसे राखून ठेवा. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर राहिली तरी चालते. तुमच्याकडच्या पावसात ३ मिलिमीटरला आली की बदला, तेही मेमध्ये. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. आमच्याकडे पंपावरची पोरं ‘चाळीस मारू का मॅडम’ विचारतात, नाही म्हणा. गच्च हवेचा टायर चिखलात आणखी घसरतो. ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर निघताना गाडी मागे घरंगळू न देणारी) असलेलं मॉडेल बजेटात बसत असेल तर त्यासाठी म्युझिक सिस्टीम सोडा. मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगर मात्र सोडू नका, जुलैच्या धुक्यात त्यांच्याशिवाय मागचं काही दिसत नाही.

पाण्याचं वेगळं बोलते. कोल्हापूर रस्त्यावर मांडुकलीला पाणी आलं की रस्ता बंद, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, पंच ३७० मिलिमीटरमधून, असं कंपन्या सांगतात. ते आकडे साचलेल्या पाण्याचे. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीला छोटी गाडी तरंगायला लागते आणि दोन फुटांत मोठी जीपही वाहून जाते. शिवाय खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली, ते गढूळ पाण्यात कुणालाच दिसत नाही. ‘आपली गाडी मोठी आहे, निघू या’ असं म्हणायची सोय झाली की माणूस त्या पाण्यात उतरतो. मला तुमच्या फोर बाय फोरची भीती वाटते ती इथे. सासूबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांची एक जास्तीची बाटली जूनमध्येच घरात आणून ठेवा आणि डॉक्टरांना विचारून जुलै-ऑगस्टची तपासणी अलीकडे-पलीकडे करून घ्या. विमा काढताना ‘इंजिन प्रोटेक्ट’चा जोड घ्या. नुसत्या विम्यात इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान सहसा मिळत नाही. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. त्या एका स्टार्टरने इंजिनाचे दांडे वाकतात.

जुनी गाडी घ्यायचीच ठरली, मग ती कुठलीही असो, तर २०१९ आणि २०२१चे महापूर विसरू नका. कोल्हापूर-सांगलीकडे त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ आहे का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा, कार्पेट उचलून वास घ्या. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन खालचा गंज बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. कुणाच्या नात्यातली असली तरी.

आता त्या सव्वा किलोमीटरबद्दल. सगळं घर गाडी बदलायचं म्हणतंय, चढ बदलायचं कुणी बोललं नाही. तो शाळेचा रस्ता आहे, मुलंही तिथूनच घसरत येत असणार. खरा अवघड तुकडा बहुधा चाळीस-पन्नास मीटरचाच असेल, एखादं वळण. तेवढ्यात चाकांपुरत्या काँक्रिटच्या दोन पट्ट्या आणि वरच्या बाजूने पाणी काढायला आडवी चर, एवढं झालं तरी वॅगनआरही चढेल. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून ग्रामपंचायतीत द्या. रस्ता पाणंदीत मोडत असेल तर पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे का, तेही ग्रामपंचायतीत विचारा. दोन वर्षं लागतील हे मलाही माहीत आहे. तोवर फाट्यावर कुणाच्या शेडमध्ये गाडी लावून तेवढे तीस-चाळीस दिवस चालत जाणं हाही पर्याय आहे, आणि त्यात हरल्यासारखं काही नाही. गाडी येईपर्यंत तुम्हाला तेच करायचंय.

राहिला घरातला प्रश्न. नवरा पुण्यात बसून तुमच्या मनगटाचा एक्स-रे व्हॉट्सअॅपवर बघतो, त्याला दुसरं करता काय येणार? जास्तीत जास्त लोखंड तुमच्याभोवती असावं असं त्याला वाटतं. मी ते हट्ट म्हणून वाचत नाही. पण काळजी त्याची असली तरी क्लच तुमच्या पायाखाली असणार आहे, त्यामुळे चालवून बघायचं तुम्ही. शोरूमवाल्याला सांगा, टेस्ट ड्राइव्ह आमच्या शाळेच्या रस्त्यावर द्या. नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. चढाच्या मध्यावर गाडी थांबवा, हँडब्रेक लावा आणि तिथून पुन्हा निघा. क्लच जळाल्याचा वास येतो का, मागे किती घरंगळते, बघा. मग घरी येऊन सासूबाईंना लुगडं सावरून, हातात मिटलेली छत्री घेऊन दोनदा चढायला-उतरायला लावा. थारला त्यांना स्टूल लागेल. पंचला बहुधा नाही. हे नवऱ्याच्या समोर होऊ द्या, तुम्ही काही बोलू नका.

बांबूची मोजणीही ते पुढच्या खेपेला येतील तेव्हाच करा. एक टोक त्यांनी धरायचं, टेप तुमच्याकडे, आकडे मुलीने वहीत लिहायचे. दीर आले तर उत्तम. मोजलेले आकडे मला कळवा. दहापैकी चार जागी दोनशेच्या वर निघाले, तर मी माझं वरचं सगळं मागे घेईन आणि जिमनीसाठी आणखी एक वर्ष थांबा म्हणेन.